अकीलाच्या पाळीतली वर्तुळं

अकोल्याच्या त्या डायलिसिस सेंटरमध्ये सोळा मशिनी आहेत आणि बाहेरच्या हॉलमध्ये बावीस खुर्च्या. त्यातल्या दोन मोडक्या. मोडक्या खुर्चीवर जो बसायला जातो तो नवा नातेवाईक. जुना तिच्यावर फक्त पिशवी ठेवतो. मी टेस्टर आहे. आमच्या कंपनीनं केलेलं अ‍ॅप लोकांच्या हाती गेल्यावर कुठे कुठे बिघडतं ते शोधायचं आणि रजिस्टरमध्ये लिहायचं, हे माझं काम. अ‍ॅपच्या चुका शोधता शोधता माणसांच्याही सापडतात. त्या मी मागच्या पानांवर लिहिते. त्या कोणी मागत नाही.

कंपनी म्हणजे अमरावतीला राजापेठेत औषधाच्या दुकानावरच्या दोन खोल्या, मालक नितेश, आणि त्याच्यासकट सात माणसं. अकोल्याच्या सेंटरला आम्ही काउंटरवरच्या टॅबसाठी अ‍ॅप करून दिलं. प्रत्येक पेशंटच्या नावापुढे एक वर्तुळ. मशीन लागली की वर्तुळ भरायला लागतं, चार तासांनी पूर्ण होतं. कडेनं एक हिरवा ठिपका फिरत राहतो. ठिपका फिरतोय म्हणजे सगळं सुरळीत. टॅबवर दिसतं तेच हॉलमधल्या टीव्हीवर दिसतं. नावावर बोट ठेवलं की त्या पेशंटचा वेगळा पडदा उघडतो, त्यावर मोठं वर्तुळ आणि किती मिनिटं उरली ते. ठिपका नितेशच्या डोक्यातून आलेला. “बसलेल्या माणसाला काहीतरी हलतं दिसलं पाहिजे,” तो म्हणाला होता. त्याला स्वतःला पाच मिनिटं एका जागी बसवत नाही, म्हणून त्याचं म्हणणं बरोबर असावं.

त्या मोठ्या पडद्याखाली एक लाल बटण होतं. त्यावर लिहिलं होतं ‘बंद’. पाहून झालं की दाबायचं, पडदा मिटतो.

आपल्याकडे दुकान बंद करत नाहीत, वाढवतात. निघताना जातो म्हणत नाहीत, येतो म्हणतात. आणि आम्ही शहाण्या सात जणांनी आजारी माणसाच्या नावाखाली लाल अक्षरात ‘बंद’ लिहून दिलं. गेल्या ऑगस्टमध्ये, अ‍ॅप लागल्याच्या पहिल्याच आठवड्यात, काउंटरवरच्या अकीलानं देवमन वानखडे यांच्या पडद्यावर ते बटण दाबलं आणि त्याच संध्याकाळी देवमन घरी गेले ते वारलेच. पुढच्या सोमवारी आणखी एक बाई. त्या दिवसांत अकीलानं ते बटण हजाराच्या वर वेळा दाबलं असेल, आणि बाकीचे सगळे ठरल्या वारी परत येऊन मशीनला लागले होते. पण जे परत आले त्यांची मोजणी कोणी ठेवत नाही.

अकीलाचा फोन आला तेव्हा नितेशनं तो स्पीकरवर टाकला.

“भाऊ, ते बटण काढा. मी असलं काही मानत नाही. पन लोकं मानतेत ना! मी बोट उचललं का बायका पदर तोंडाशी नेतेत. कालपासून म्हनून राहिले, नाव तू नको टाकू, तुह्या बोटात काईतरी हाये.”

बटण काढायचं काम प्राजक्ताकडे आलं. वीस मिनिटांत झालं. ‘बंद’ गेलं, त्या जागी मागे जायचा बाण आला. नितेशनं मला तपासायला सांगितलं. मी बाण दहा वेळा दाबून पाहिला, दहाही वेळा पडदा मिटला. ‘ठीक’ असं लिहून मी सही केली.

प्राजक्ता मोर्शीची. पुण्यात चार वर्षं एका मोठ्या कंपनीत होती. एका मंगळवारी अकरा वाजता मेल आला आणि साडेअकराला तिचा पास गेटवर चालेना. मग ती आमच्याकडे आली. काम वेळेत करते, कशावर बोलत मात्र नाही. तिच्या टेबलापाशी कोणी भांडायला लागलं तर ती पाय थोडे आत घेते. दिवाळीच्या आधी छताचा पंखा तिच्यापासून हातभर अंतरावर कोसळला, तेव्हा तिनं आधी फाइल सेव्ह केली, मग उठली. नितेशला वाटलं, काय शांत पोरगी आहे. मी मागच्या पानावर लिहिलं: शांत नाही. बधिर.

बटण गेल्यावर लोकांचं बोलणं थांबेल असं अकीलाला वाटलं असणार. झालं उलटंच. थोड्याच दिवसांत दुपारी दीड-दोनच्या सुमारास टॅब अडकायला लागला. टीव्हीवरची सोळाची सोळा वर्तुळं एकदम थांबायची. टॅब बंद करून पुन्हा चालू केला की तेवढ्यापुरती चालायची. आत मशिनी व्यवस्थित चालू, पण हॉलमध्ये बसलेल्याला मशीन दिसत नाही, ठिपका दिसतो. ठिपका थांबला की माणसं उभी राहायची आणि काउंटरकडे पाहायची. नितेशनं आधी नेटला दोष दिला, मग उन्हाला, मग टॅबला. टॅब बदलला. नवा टॅब अर्धा तास जास्त टिकला आणि अडकला. अशात एप्रिल उजाडला.

एक गोष्ट मात्र सगळ्यांच्या लक्षात आली होती. तीन वाजता अकीलाची पाळी संपून फुरकान काउंटरवर येतो. फुरकानच्या पाळीत टॅब एकदाही अडकला नाही.

सेंटरचे डॉक्टर तायडे शास्त्राचे माणूस. त्यांनी बोटबीट काही काढलं नाही. ते म्हणाले, “बाई टॅब नीट हाताळत नाही.” म्हणजे तेच, फक्त इस्त्री केलेलं. दोष अ‍ॅपचा की हाताळणीचा ते शुक्रवारपर्यंत लेखी द्या, असं त्यांनी नितेशला कळवलं. हाताळणीचा असेल तर शनिवारपासून काउंटरवर त्यांच्या साळ्याची मुलगी, करिश्मा. अकीला त्या काउंटरवर अकरा वर्षं आहे, टॅब यायच्या आधी वहीवर होती. इथून गेली तर दुसरीकडे कोण ठेवणार? अकोल्यात दवाखाने गल्लोगल्ली आहेत, आणि अशी ख्याती बाईच्या आधी पोचते.

सोमवारी पहाटे बडनेऱ्याहून गाडी धरून मी आणि प्राजक्ता अकोल्याला गेलो. प्राजक्तानं टॅबला केबल लावून लॅपटॉप जोडला आणि काउंटरच्या मागे स्टुलावर बसली. मी हॉलमध्ये, मोडक्या खुर्चीशेजारच्या खुर्चीवर. रजिस्टर मांडीवर. अकीला पडदा उघडेल तेव्हा एक रेघ मारायची, एवढंच ठरवलं होतं.

आठच्या आत माझ्या लक्षात आलं की पान पुरणार नाही.

“अकीला, कितीक राह्यलं वो बुढ्याचं?” कुरणखेडच्या गोदाबाई. त्यांचे मालक जानराव चार नंबरच्या मशीनवर होते.

अकीलानं नावावर बोट ठेवलं, टॅब वळवून दाखवला. “हे पाहा. तीन घंटे दहा मिनटं.”

गोदाबाई जाऊन बसल्या. वर्तुळाकडे पाहिलं, पदरानं मान पुसली आणि दहा मिनिटांत परत. “आता?”

“तीन घंटे.”

“उतरून राह्यलं म्हना.”

“उतरनार नाही तं काय चढनार हाये?”

एक गेली की दुसरा. कोणाला वेळ हवी, कोणाला नुसतं मोठं वर्तुळ पाहायचं असे. एका माणसानं सासऱ्याचं वर्तुळ पाहिलं, मग म्हणाला, बाजूच्याचंही दाखवा, कोणाचं आधी होते पाहू. अकीला सगळ्यांना उघडून दाखवायची, बाणानं मागे जायची. कंटाळलेली दिसायची, पण दाखवायची. साडेअकराला दुसरी तुकडी आली तेव्हा नवी नावं टाकायची वेळ झाली. कार्ड हातात घेऊन माणसं काउंटरसमोर उभी, आणि अकीलाकडे कोणी कार्ड देईना.

“सिस्टरले टाकू द्या ना.”

मंजुषा सिस्टर आतून हातमोजे काढत आली, कपाळाला आठ्या घालून बारा नावं टाकून परत गेली. हे आठ महिने रोज चाललं होतं.

“विचाराले माहं बोट चालते, नाही का?” अकीला गोदाबाईंना म्हणाली. गोदाबाईंचं सकाळचं काम झालं होतं. जानरावांना घेऊन त्या निघाल्या होत्या.

“इचारनं येगळं, बाई,” गोदाबाई म्हणाल्या, आणि त्यांना त्यात काही वावगं वाटल्याचं दिसलं नाही.

एक वाजून चाळीस मिनिटांनी ठिपके थांबले. आधी कोणाच्या लक्षात आलं नाही. मग एक बाई उठली, मग सगळे. अकीला आत जाऊन आली आणि दारातच ओरडून म्हणाली, “सब मशीन चालू हाये! बसा, बसा!” बसलं कोणी नाही. सगळे तिच्या हातांकडे पाहत होते. तिनं हात ओढणीखाली घेतले.

माझ्या रेघा मोजल्या. एकशे त्रेचाळीस.

प्राजक्तानं हळूच मला मागे बोलावलं. लॅपटॉपवर एक यादी होती. टॅबच्या मेमरीत या घडीला काय काय जिवंत आहे त्याची.

“उघडलेले पडदे,” ती म्हणाली. “बाणानं मागे गेलं की मरायला हवे होते. मेले नाहीत. सगळे आत बसलेत.”

“किती?”

“एकशे त्रेचाळीस.”

माझ्या कामात असा जमाखर्च क्वचित जुळतो. एकाचाही फरक नव्हता.

तिनं समजावलं ते असं. ठिपका फिरवायला प्रत्येक पडद्यावर एक टायमर असतो, तो सेकंदाला साठ वेळा ठिपका जरा पुढे ढकलतो. काम करता यावं म्हणून टायमर त्या पडद्याला धरून ठेवतो. धरायच्या दोन तऱ्हा. घट्ट धरलं तर त्याला स्ट्राँग रेफरन्स म्हणतात, आणि ज्याला कोणीतरी घट्ट धरलंय त्याची जागा टॅब मोकळी करत नाही. पडदा डोळ्यांपुढून गेला तरी आत शाबूत, टायमर चालूच, ठिपका फिरतोय, पाहायला कोणी नाही. असे पाच-दहा असले तर कळतही नाही. शंभराच्या वर गेले की टॅबचा श्वास कोंडतो. याला मेमरी लीक म्हणतात.

“पण टायमर थांबवायची ओळ तर असते ना?”

“असते. आधी ती बंदच्या बटणात होती. बटण दाबलं की टायमर थांबायचा, पडदा सुटायचा. बटण काढलं तेव्हा ती ओळ उचलून पडदा मरताना चालतं त्या जागी ठेवली. पडदा मेल्याशिवाय ती ओळ चालणार नाही. आणि ती चालल्याशिवाय पडदा मरणार नाही.”

“कोणी ठेवली?”

तिनं पडद्यावर बोट ठेवलं. प्रत्येक ओळ कोणी कधी लिहिली याची नोंद तिथे राहते. बारा ऑगस्ट, दुपारी चार वाजून दहा. प्राजक्ता.

आणि त्या दिवशी बाण दहा वेळा दाबून ‘ठीक’ लिहिणारी मी. दहा पडद्यांनी काय होतं? काहीच होत नाही.

आम्ही सहापर्यंत थांबलो, कारण मला फुरकानची पाळी पाहायची होती. तीन तासांत माझ्या नऊ रेघा झाल्या. फुरकान वाईट माणूस नाही. कोणी विचारायला आलं की तो मोबाइलमधून डोकं न काढता म्हणतो, “चार घंटा म्हंजे चार घंटा, काकू. पंख्याखाली बसा.” काकू बसतात. पडदा उघडतच नाही, तर अडकेल कशाला?

परतीच्या गाडीत मूर्तिजापूर गेलं. मग प्राजक्ता म्हणाली, “रागिणीताई, मी वाट पाहून राहिली.”

“कशाची?”

“मले वाटलं, आता काहीतरी वाटेल. आठ महिने त्या बाईले लोकं असं करून राहिले, माझ्यामुळं. रडू, राग, काहीतरी. काहीच नाही येऊन राहिलं.”

“काहीच नाही?”

तिनं खरंच तपासल्यासारखं केलं. “भूक लागली.”

मी डबा पुढे केला. तिनं दोन पोळ्या खाल्ल्या आणि खिडकीला डोकं लावून झोपली. मी मागच्या पानावर काही लिहिलं नाही. लिहायचं तर माझं नाव आधी आलं असतं.

मंगळवारी दुपारपर्यंत तिनं दुरुस्ती केली. टायमरनं पडद्याला सैल धरायचं, म्हणजे पडदा जायला निघाला की अडवायचं नाही. आणि पडदा नजरेआड होताक्षणी टायमर थांबवायचा, मरायची वाट पाहायची नाही. दोन्ही मिळून सहा ओळी. मी या वेळी बाण तीनशे वेळा दाबला. यादीत उरलेले पडदे: शून्य.

नितेशला आम्ही दुरुस्ती सांगितली. आठ महिन्यांचं कारणही सांगितलं, फक्त ओळ कोणी लिहिली ते त्यानं विचारलं नाही. जे माहीत करून घ्यायचं नसतं ते तो विचारत नाही.

“ठीक. आता चालते ना? मग झालं. यवतमाळचे आन वाशिमचे सेंटरवाले डॉक्टर तायडेंना विचारूनच आपल्याकडं येणार आहेत. रिपोर्टमध्ये आपला दोष असं कुठं यायला नको. खोटंही नको लिहू, रागिणी. असं काहीतरी लिही ना गोल.”

मी गोल लिहिलं. ‘पडदे वारंवार व अनावश्यक उघडले गेल्याने यंत्रणेवर ताण येत असल्याचे निदर्शनास आले. नव्या आवृत्तीत सुधारणा केली असून हाताळणीबाबतही दक्षता आवश्यक आहे.’ यात एकही शब्द खोटा नाही, हे मी दोनदा तपासलं. दोनदा तपासावं लागलं, यातच आलं काय ते. प्राजक्तानं वाचलं आणि मान हलवली. बुधवार गेला, गुरुवार गेला. रोज मी तिच्या तोंडाकडे पाही. ती रोज वेळेवर येई, वेळेवर जाई.

शुक्रवारी पुन्हा अकोला. साडेसातलाच नवी आवृत्ती टाकली. काउंटरमागे आज दोन खुर्च्या होत्या. एकीवर अकीला, दुसरीवर एक मुलगी, हातात नवी वही, वहीवर मोत्यासारख्या अक्षरात ‘करिश्मा’. अजून निकाल हाती गेला नव्हता, पण डॉक्टरांनी तो आधीच वाचलेला दिसत होता.

अकीला तिला शिकवत होती. रागानं शिकवलं असतं तर बरं झालं असतं. ती नीट शिकवत होती.

“हे पेशंटचं कार्ड. वय विचाराचंच, कार्डावर चुकीचं राहते. वजन आतून सिस्टर देते. आन कोनी विचाराले आलं ना, का कितीक राह्यलं, तं सांगून मोकळी नको होऊ. उघडून दाखवजो.”

“दर वेळेस?” करिश्मानं विचारलं.

“दर वेळेस. भ्यालेले राहतेत माणसं, बेटा. त्याइले आकडा नाही पाहिजे, आपला माणूस पाहाचा राहते. आत जाऊ देत नाहीत ना. मंग हे दाखवाचं.”

करिश्मानं वहीत लिहून घेतलं: दर वेळेस दाखवणे.

अकरा वाजता डॉक्टर आले. नितेशनं सांगितल्याप्रमाणे मी रिपोर्ट त्यांच्या हातात दिला. त्यांनी उभ्या उभ्या वाचला, ‘हाताळणी’ या शब्दापाशी डोळे थांबले, घडी घालून खिशात ठेवला.

“बरं झालं. अकीला, आज हिला सगळं समजावून दे. उद्यापासून ती बघेल.”

“देऊन राहिली, डॉक्टरसाहेब.”

“डॉक्टर,” प्राजक्ता म्हणाली. ती स्टुलावरच बसलेली होती आणि लॅपटॉपची केबल गुंडाळत होती. तिचा आवाज स्टेशनवरच्या घोषणेसारखा, ना वर ना खाली. “रिपोर्ट बरोबर नाही. दोष अ‍ॅपचा आहे. एक ओळ मी चुकीच्या जागी ठेवली होती. त्यांच्या हाताळणीचा काही संबंध नाही.”

डॉक्टरांनी तिच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

“खरं आहे,” मी म्हटलं. “तपासून ‘ठीक’ लिहिलं ते मी.”

“पण आता चालतंय ना?”

“आता चालतंय.”

“मग ठीक.” त्यांनी खिशातला रिपोर्ट काढून मला परत दिला. “करिश्मा, मग तू येऊ नको बेटा उद्या.”

“मला नव्हतंच यायचं, मामा,” करिश्मा म्हणाली. “माझी परीक्षा आहे.” वही मिटून ती गेली, आणि डॉक्टर आत गेले. एवढंच. आठ महिन्यांचा निकाल लागायला मिनिटही लागलं नाही.

मला वाटलं, आता अकीला प्राजक्ताचा हात धरेल. मी माणसं ओळखते असा माझा समज आहे, आणि तो असा अधूनमधून मोडतो.

“तुमाले हे कधी कळलं?” अकीलानं विचारलं.

“सोमवारी.”

“आन आज?”

“शुक्रवार.”

“सोमवार, मंगळवार, बुधवार, जुमेरात.” तिनं बोटांवर मोजलं, त्याच बोटांवर. “चार रोज. मी चार रोज घरी भाजी नाही चिरली, बाई. सासू म्हने, राहू दे, तुह्या हाताचं नको. सोताच्या घरात. मले बी वाटाले लागलं होतं, असन काही बोटात. आन तुमी चार रोज घेऊन बसल्या?”

“हो.”

“काहून?”

“माहीत नाही,” प्राजक्ता म्हणाली. “मला काही वाटतच नव्हतं.”

असं उत्तर ऐकून माणूस चिडेल की हसेल? अकीलानं दोन्ही केलं नाही. तिनं काउंटरची फळी उचलली आणि हॉलकडे हात केला. साडेअकराची तुकडी येऊन बसली होती, कार्डं मांडीवर, मंजुषा सिस्टरची वाट पाहत.

“मले नका सांगू. डॉक्टरले बी सांगून काही नाही, तो बोटाचं बोलतच नव्हता. हे सारे बोलले. याइले सांगा.”

प्राजक्ता उठली. केबल स्टुलावर ठेवली आणि हॉलमध्ये सगळ्यांसमोर जाऊन उभी राहिली. चौदा माणसं होती. टीव्हीखाली उभी राहिल्यामुळे तिच्या डोक्यावर सोळा ठिपके फिरत होते.

“मी हे टीव्हीवरचं बनवलं,” ती म्हणाली. “दुपारी हे थांबते ते माझ्या चुकीनं. अकीलाताईच्या हातानं नाही.”

एका म्हाताऱ्यानं विचारलं, “कोन म्हने?”

“मीच म्हणून राहिली, आजोबा. ऐका. समजा आत सोळा खाटा आहेत. प्रत्येक पेशंटजवळ एक माणूस सोबतीले बसवला. त्याले सांगितलं, खाट रिकामी झाली का तू उठ. आन खाटेच्या हिशेबवाल्याले सांगितलं, सोबतीचा उठला का मंगच खाट रिकामी धर. पेशंट गेला घरी. पण सोबतीचा उठत नाही, कारण खाट रिकामी नाही. खाट रिकामी होत नाही, कारण सोबतीचा उठत नाही. दर वेळेस तुमी विचारता, कितीक राह्यलं, तवा एक नवीन खाट टाकावी लागते. दुपारपर्यंत दीडशे होतेत. मंग पाय ठेवाले जागा नाही राहत, आन सारं थांबते.”

“हा नियम कोन केला?” गोदाबाईंनी विचारलं. शुक्रवारी जानरावांची पाळी दुसऱ्या तुकडीत होती, म्हणून त्या हॉलमध्ये होत्या.

“मी केला. चुकला.”

“मंग फुरकानच्या टायमाले काहून नाही थांबत?”

“तो उघडून दाखवत नाही. अकीलाताई दाखवतात. सोमवारी एकशे त्रेचाळीस वेळा दाखवलं.” तिनं माझ्याकडे बोट केलं. “त्याइनं मोजलं.”

मी रजिस्टर उघडून रेघांचं पान वर धरलं. इतक्या लांबून कोणाला काय दिसणार, पण चौदाही माणसांनी पाहिलं.

“म्हंजे आमी इचारलं म्हून?” गोदाबाई म्हणाल्या.

“नाही. मी ओळ चुकीच्या जागी ठेवली म्हणून. तुमी विचारा. आता कितीबी विचारा.”

“आन देवमनभाऊ?” मागून एका बाईनं विचारलं. तिच्या आवाजात भांडण नव्हतं. “ते गेले ते?”

मी प्राजक्ताचा चेहरा पाहत होते. गेले दहा महिने त्यावर काही हललेलं मी पाहिलं नव्हतं. आताही फार काही हललं नाही. फक्त तिनं उजव्या हातानं डावं मनगट धरलं, घट्ट, आणि सोडलं नाही.

“ते आजारी होते,” ती म्हणाली. “ते बटण नुसतं बटण होतं. त्याच्यावर तसा शब्द आमी लिहाले नको होता.”

मंजुषा सिस्टर आतून हातमोजे काढत आली. “चला, आणा कार्डं,” ती म्हणाली, आणि सवयीनं दहा-बारा माणसं उठून तिच्याकडे वळली. अकीला काउंटरमागे बसली होती, टॅब समोर, दोन्ही हात फळीवर उघडे. तिनं कोणाला बोलावलं नाही. माणसं एकामागून एक मंजुषा सिस्टरपुढे उभी राहिली. मी मोजत होते, अकरा. दोन जण बसूनच होते, कोणाच्या मागे जावं ते न कळल्यासारखे.

गोदाबाई मध्येच उभ्या होत्या. हातात जानरावांचं कार्ड, घामानं कडा मऊ झालेलं. त्यांनी रांगेकडे पाहिलं. प्राजक्ताकडे पाहिलं, बराच वेळ. मग काउंटरपाशी आल्या आणि कार्ड अकीलाच्या हाताशी ठेवलं.

“टाक,” त्या म्हणाल्या. “आन मायावर डोळे नको वटारू.”

अकीलानं डोळे वटारले नाहीत, आभारही मानले नाहीत. कार्ड उजेडाकडे धरून वाचलं, ‘जानराव’ टाइप केलं, एक अक्षर चुकलं, खोडून परत केलं.

“वय?” तिनं विचारलं.